आकाराचा उपचार, भिंतीचा आजार : संयोजी ऊतींच्या विकारांतील रोहिणीविस्फार आणि एंडोव्हॅस्क्युलर उपचारपद्धती – एक चिकित्सा

प्रस्तावना

कोणत्याही नव्या उपचारपद्धतीचे मूल्यमापन करताना दोन प्रश्न एकत्र विचारावे लागतात. ती कोणत्या रुग्णांवर सिद्ध झाली, आणि आज ती कोणत्या रुग्णांवर वापरली जात आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे भिन्न असतील तर पहिल्या गटातून मिळालेला पुरावा दुसऱ्या गटासाठी उसना घेता येतो काय, हा तिसरा प्रश्न आपोआप उभा राहतो. महारोहिणीच्या विस्फारावर, म्हणजे ज्याला डॉक्टर ॲन्युरिझम म्हणतात त्या फुगवट्यावर, रोहिणीच्या आतून अस्तर घालून करावयाच्या उपचाराबाबत हा तिसरा प्रश्न पुरेशा गांभीर्याने विचारला गेलेला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. विशेषतः मार्फान, लोयस–डीट्झ आणि रक्तवाहिन्यांचा एहलर्स–डॅनलॉस या संयोजी ऊतींच्या आनुवंशिक विकारांनी ग्रासलेल्या तरुण रुग्णांच्या संदर्भात या पद्धतीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

प्रस्तुत लेखक वैद्यक व्यावसायिक नाही, प्राणिशास्त्राचा अध्यापक आहे. त्यामुळे कोणत्या रुग्णाने कोणता उपचार घ्यावा, हे सांगण्याचा अधिकार येथे गृहीत धरलेला नाही. मात्र प्रकाशित पुराव्याचे वाचन कसे करावे, हा प्रश्न केवळ शल्यविशारदांचा नाही. चिकित्सेसाठी डिंगोरे हे गाव डोळ्यांपुढे ठेवले आहे. जुन्नर तालुक्यातील हे गाव ओतूरच्या पश्चिमेस, माळशेज घाटाकडे जाणाऱ्या कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर आहे. शास्त्रीय विषयात गावाचे नाव कशासाठी, असा आक्षेप येऊ शकतो. परंतु पुरावा कोठे तयार झाला हे जितके महत्त्वाचे, तितकेच तो कोठे लागू करावयाचा आहे हेही महत्त्वाचे असते. मार्फान विकाराचे प्रमाण साधारणपणे पाच हजारांत एक असे मानले जाते. सन २०११ च्या जनगणनेनुसार जुन्नर तालुक्याची लोकसंख्या सुमारे चार लाख होती. हा हिशेब ढोबळ असला तरी तालुक्यात ऐंशीच्या आसपास व्यक्ती या विकारासह जगत असाव्यात, असा त्याचा अर्थ होतो. त्यांपैकी किती जणांना आपल्या विकाराचे नाव ठाऊक असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

अस्तराची कल्पना आणि तिचा पुरावा

पॅरिस येथे चार्ल्स ड्युबोस्ट यांनी १९५१ साली पोटातील महारोहिणीचा फुगलेला भाग कापून काढला व त्या जागी मृत व्यक्तीच्या रोहिणीचा तुकडा शिवला. पुढे डेक्रॉनच्या विणलेल्या नळ्या आल्या आणि ही शस्त्रक्रिया रूढ झाली. तथापि छाती वा पोट उघडणे, महारोहिणीला चिमटा लावून रक्तप्रवाह थांबवणे, हे वृद्ध व हृदयविकारग्रस्त रुग्णांना सोसवत नसे. या अडचणीतून दुसरी कल्पना जन्मास आली. खार्किव येथे निकोलाय व्होलोडोस यांनी १९८७ मध्ये छातीतील महारोहिणीत, तर ब्युनोस आयर्स येथे हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये पोटातील महारोहिणीत, जांघेतील रोहिणीवाटे कापडी अस्तर असलेला स्टेंट नेऊन बसवला. मायकेल डेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी छातीतील महारोहिणीचे असे तेरा रुग्ण १९९४ साली प्रसिद्ध केले. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, पारोदी यांच्यासमोर असलेला रुग्ण हा उघडी शस्त्रक्रिया न झेपणारा वृद्ध रुग्ण होता. तंत्राचा जन्मच त्याच्यासाठी झाला.

त्यानंतरच्या मोठ्या चाचण्याही याच रुग्णाभोवती फिरतात. ब्रिटनमधील ईव्हीएआर–१ या चाचणीत साठ वर्षे वा त्याहून अधिक वयाचे आणि साडेपाच सेंटीमीटर वा त्याहून मोठा विस्फार असलेले रुग्ण घेतले गेले. सन २००४ मध्ये तिचे पहिले निष्कर्ष आले तेव्हा तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात ४.७ टक्के, तर आतून अस्तर घातलेल्या गटात १.७ टक्के होते. त्याच वर्षी नेदरलँड्समधील ड्रीम चाचणीनेही हीच दिशा दाखवली. या आकड्यांनी जगभरातील शल्यगृहांचे चित्र बदलले आणि ते बदलणे योग्यच होते. परंतु ईव्हीएआर–१ मधील रुग्णांचा पंधरा वर्षांचा पाठपुरावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा पहिल्या सहा महिन्यांतील लाभ टिकलेला नव्हता. आठ वर्षांनंतर अस्तर घातलेल्या गटातच मृत्यू अधिक आढळले आणि त्यांत अस्तर असूनही फुगवटा फुटल्याने झालेल्या मृत्यूंचा वाटा होता.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या रुग्णाच्या बाबतीत आठ वर्षांनंतरची तोट्याची रेषा पुष्कळदा सैद्धांतिक ठरते. पंचवीस वर्षांच्या रुग्णाच्या बाबतीत ती ऐन उमेदीत गाठली जाते. वृद्धांमध्ये मिळालेल्या पुराव्याचा हा पहिला धडा आहे, आणि तो भिंतीच्या आजाराचा विचार करण्यापूर्वीच मिळतो.

भिंतीचा स्वभाव

महारोहिणीची भिंत तीन थरांची असते. मधल्या थरात लवचीक तंतूंचे पापुद्रे व स्नायुपेशी असतात, बाहेरच्या थरात कोलॅजेनचे बळ असते. प्रत्येक ठोक्याला ती ताणली जाते व पूर्ववत होते. वृद्धावस्थेतील नेहमीच्या विस्फारात भिंतीचा एक भाग झिजतो, मात्र त्याच्या वर व खाली बऱ्यापैकी धड भिंत शिल्लक असते. स्टेंटला आधार मिळतो तो या धड भागाचा. स्टेंटचा व्यास रोहिणीच्या व्यासापेक्षा साधारणपणे दहा ते वीस टक्के अधिक निवडतात. तो आतून भिंतीवर सतत दाब देतो आणि त्या दाबाने जागेवर राहतो. तेथे टाका नसतो.

संयोजी ऊतींच्या विकारांत मात्र ही धड जागाच संशयास्पद असते. अंत्वान मार्फान यांनी १८९६ साली लांब, बारीक हातापायांच्या एका बालिकेचे वर्णन केले. त्या वर्णनापासून सुरू झालेल्या शोधाचे मूळ १९९१ मध्ये फायब्रिलिन–१ या प्रथिनाच्या जनुकात सापडले. बार्ट लोयस व हॅरी डीट्झ यांनी २००५ मध्ये वेगळा काढलेला विकार टीजीएफ–बीटा या संदेशवाहक प्रथिनाच्या ग्राहकांतील दोषामुळे होतो. रक्तवाहिन्यांच्या एहलर्स–डॅनलॉस विकारात तिसऱ्या प्रकारचे कोलॅजेन सदोष असते. तिन्ही विकारांत दोष शरीरातील प्रत्येक पेशीत असतो. फुगवटा जेथे दिसतो तेथेच आजार आहे, असे म्हणता येत नाही. जेथे तो आज दिसत नाही, तेथील भिंतही त्याच सदोष धाग्याची विणलेली असते. विरलेल्या वस्त्राला घट्ट ठिगळ लावले तर पुढची चीर ठिगळाच्या कडेने जाते, हा घरोघरचा अनुभव आहे. स्टेंटच्या टोकाशी नवी चीर पडणे, भिंत फाटत हृदयाच्या दिशेने मागे जाणे, आधाराची जागाच कालांतराने रुंदावणे व रक्त पुन्हा फुगवट्यात झिरपणे, या मार्फान रुग्णांत वारंवार नोंदल्या गेलेल्या गुंतागुंती याच स्वरूपाच्या आहेत. एहलर्स–डॅनलॉसच्या रक्तवाहिनी प्रकारात तर नळी आत घालण्याच्या क्रियेनेच जांघेतील रोहिणी फाटू शकते. तेथे उपचार आणि इजा यांमधील अंतर फारच कमी उरते.

प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा येथे आहे. अँजिओग्राफीच्या पडद्यावर दिसते ती रोहिणीची पोकळी, तर आजार असतो भिंतीत. अस्तर घालून पोकळीचे चित्र क्षणात सुधारते. फुगवट्याची सावली नाहीशी होते, प्रवाह सरळ होतो. शल्यगृहात उपस्थित असणाऱ्या प्रत्येकाला यश डोळ्यांनी दिसते. मात्र आकार सुधारला म्हणजे द्रव्य सुधारले असे होत नाही.

याच्या उलट दिशेने गेलेला एक प्रयत्न उद्बोधक आहे. टॉल गोल्सवर्दी हे स्वतः मार्फानग्रस्त असलेले ब्रिटिश अभियंते. आपल्या महारोहिणीच्या मुळाच्या स्कॅनवरून तंतोतंत मापाची मऊ जाळी बनवून ती बाहेरून गुंडाळावी, ही त्यांची कल्पना. सन २००४ मध्ये लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयात तिचे पहिले रुग्णही तेच झाले. ही जाळी हळूहळू भिंतीशी एकजीव होते आणि तिला बळ देते. ही पद्धती सर्वांना लागू नाही, तिचा दीर्घ पुरावाही अद्याप वाढत आहे आणि छाती उघडावी तर लागतेच. तरीही तिच्यामागील विचार भिंतीपासून सुरू होतो, म्हणून तिचा उल्लेख केला. (आपल्या रोगाकडे यंत्ररचनेचा प्रश्न म्हणून पाहणारा रुग्ण ही वैद्यकाच्या इतिहासातील दुर्मीळ घटना आहे.)

मालिकांचे वाचन

संयोजी ऊतींच्या विकारांत अस्तर–उपचार आणि उघडी शस्त्रक्रिया यांची थेट तुलना करणारी यादृच्छिक चाचणी उपलब्ध नाही. रुग्ण दुर्मीळ असल्याने ती सहजी होण्यासारखीही नाही. इतकेच नव्हे, तर छातीतील महारोहिणीच्या स्टेंटांच्या मान्यतेसाठी ज्या चाचण्या झाल्या त्यांतून मार्फान व एहलर्स–डॅनलॉसचे रुग्ण सामान्यतः वगळलेले होते. म्हणजे ज्या साधनाची सिद्धता या रुग्णांना बाजूला ठेवून झाली, तेच साधन पुढे त्यांच्यावर वापरले गेले आणि त्या वापराचे अहवाल रुग्णमालिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाले. या मालिका बहुतांशी दोन आकडी रुग्णसंख्येच्या, एकाच केंद्रातील आणि थोड्या वर्षांच्या पाठपुराव्याच्या आहेत.

अशा मालिका वाचताना पहिला दोष वर्गीकरणाचा जाणवतो. लोयस–डीट्झ विकार २००५ पर्यंत स्वतंत्रपणे ज्ञात नव्हता. त्यापूर्वी, आणि जनुकीय तपासणी न केलेल्या मालिकांत त्यानंतरही, ‘मार्फान’ म्हणून नोंदलेल्या रुग्णांत या विकाराचे काही रुग्ण असणारच. या विकारात रोहिण्या लहान व्यासातही फाटतात आणि त्या केवळ महारोहिणीपुरत्या मर्यादित नसतात. मार्फानच्या निदानाचे गेंट निकषही २०१० मध्ये सुधारले गेले. असे असता वेगवेगळ्या कालखंडातील मालिका एकत्र करून काढलेली सरासरी नेमकी कोणाची सरासरी आहे, हे सांगणे कठीण होते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. स्टेंटचे टोक रुग्णाच्या स्वतःच्या भिंतीवर टेकले आहे की पूर्वीच्या शस्त्रक्रियेत शिवलेल्या डेक्रॉनच्या नळीत, हा भेद अनेक अहवालांत पुसट होतो. वस्तुतः या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. डेक्रॉनची नळी फायब्रिलिनवर अवलंबून नसते. तिच्यात रोवलेल्या स्टेंटला खरा आधार असतो. यामुळेच आधी महारोहिणीची कमान उघड्या शस्त्रक्रियेने बदलून, तिचे टोक पुढील स्टेंटसाठी सोंडेसारखे लोंबते ठेवण्याची मिश्र पद्धती या रुग्णांतही समर्थनीय ठरते. हान्स बोर्स्ट यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या या युक्तीचे नावच ‘हत्तीची सोंड’ असे आहे. परंतु कृत्रिम नळीत टेकलेल्या स्टेंटांचे चांगले परिणाम मूळ भिंतीवर टेकलेल्या स्टेंटांच्या समर्थनार्थ वापरणे, हे पुराव्याचे अपहरणच म्हणावे लागेल.

तिसरा मुद्दा शब्दांचा आहे. बहुतेक अहवालांचा आरंभ ‘तांत्रिक यश’ या परिमाणाने होतो. स्टेंट नियोजित जागी उघडला व त्या वेळी मोठी गळती दिसली नाही, म्हणजे तांत्रिक यश. शंभर टक्क्यांच्या जवळ जाणारा हा आकडा साधनाविषयी काही सांगतो, परंतु ज्या विकाराचे संकट वर्षानुवर्षांनी उघडकीस येते त्याविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. वाचकाने अशा अहवालात पुन्हा कराव्या लागलेल्या उपचारांचा रकाना आधी वाचावा, अशी प्रस्तुत लेखकाची सूचना आहे.

तथापि चिकित्सा एकाच बाजूची करून चालणार नाही. उघड्या शस्त्रक्रियेचे समर्थकही पुराव्याची उसनवारी करतात. विन्सेंट गॉट व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दहा केंद्रांतील ६७५ मार्फान रुग्णांच्या महारोहिणी–मुळाच्या शस्त्रक्रियांचा अहवाल दिला. नियोजित शस्त्रक्रियेत तीस दिवसांतील मृत्यू १.५ टक्के आणि तातडीच्या, जिवावर बेतलेल्या शस्त्रक्रियेत ११.७ टक्के, हे त्यातील आकडे सर्वत्र उद्धृत होतात. ते महत्त्वाचे आहेतच. वेळेवर निदान झाले तर काय साध्य होते, याचा तो पुरावा आहे. ह्यू बेंटॉल यांनी १९६८ मध्ये मांडलेली मुळाची शस्त्रक्रिया आणि तिच्या पुढील सुधारणा यांनी मार्फान रुग्णांचे आयुर्मान पालटून टाकले. सन १९७२ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात मृत्यूचे सरासरी वय बत्तीस होते. आज ते कितीतरी पुढे गेले आहे. पण हे यश महारोहिणीच्या मुळाचे आहे, जेथे अस्तर–उपचाराची मुळात स्पर्धाच नाही. खाली उतरणाऱ्या महारोहिणीची, छातीपासून पोटापर्यंत जाणारी उघडी शस्त्रक्रिया ही निराळी गोष्ट आहे. तीत मज्जारज्जूचा रक्तपुरवठा खंडित होऊन कमरेखाली पक्षाघात होण्याचा धोका निष्णात हातांतही उरतो. मुळाचे आकडे दाखवून खालच्या भागातील उघड्या शस्त्रक्रियेची शिफारस करणे, हीही तशीच उसनवारी होय.

अमेरिकेतील हृदयरोग संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आनुवंशिक विकारांत स्टेंटपेक्षा उघड्या शस्त्रक्रियेला प्राधान्य देतात. युरोपातील सूचनांचा कलही त्याच बाजूस आहे. फुटलेली रोहिणी, उघडी शस्त्रक्रिया अशक्य असणे, किंवा कृत्रिम नळीचा आधार उपलब्ध असणे, अशा प्रसंगी स्टेंटला वाव राहतो. फुटलेल्या महारोहिणीच्या रात्री स्टेंट हा जीव वाचवणारा तात्पुरता पूल असतो, यात वाद नाही. प्रस्तुत लेखकास हा निष्कर्ष योग्य वाटतो, परंतु त्याचा आधार चाचण्यांपेक्षा भिंतीच्या स्वभावाविषयीच्या तर्कात व अनुभवी केंद्रांच्या निरीक्षणांत आहे, हे स्पष्टपणे मांडले गेले पाहिजे. शिवाय या सूचनांत ‘अनुभवी केंद्रात’ हे दोन शब्द पुनःपुन्हा येतात. सगळा भार त्या दोन शब्दांवर आहे.

मुंबईचा एक विसरलेला धडा

भिंतीपासून विचार सुरू करण्याची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शल्यविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत भारतातील पहिले हृदयारोपण केले, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. त्याआधीचे त्यांचे काम मात्र क्वचितच आठवले जाते. सेन, विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. जी. किणरे, डॉ. जी. बी. परूळकर आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ‘मिडल ऑर्टिक सिंड्रोम’विषयी लेख प्रसिद्ध केला. पुढे १९७३ साली किणरे, केळकर व परूळकर यांच्यासह सेन यांनी १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारित अविशिष्ट महारोहिणीदाहावरील ग्रंथ प्रसिद्ध केला.

हा आजार आनुवंशिक संयोजी विकार नव्हे. तो दाहजन्य आहे आणि बहुधा तरुण वयात, स्त्रियांत अधिक दिसतो. त्यात रोहिणी अरुंद होते, काही ठिकाणी फुगतेही. दाह सक्रिय असताना केलेला कोणताही हस्तक्षेप, मग तो चाकूचा असो वा नळीचा, धोक्याचा ठरतो. तेव्हा येथेही प्रश्न भिंतीचाच आहे. या कामात विकृतिशास्त्रज्ञ आणि शल्यविशारद यांची नावे एका ओळीत आहेत, हे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. भिंतीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा आणि तीच भिंत शिवणारा यांचा संवाद तेथे घडला होता. अस्तर–उपचारात भिंतीचा तुकडा हाती येतच नाही. रोहिणी न उघडता उपचार होतो, हा रुग्णाचा लाभ आहे. परंतु त्याबरोबर विकृतिशास्त्रज्ञाचे टेबल रिकामे राहते आणि तरुण रुग्णाचा विस्फार दाहजन्य होता, आनुवंशिक होता की आणखी कशामुळे, हे अनेकदा कायमचे अज्ञात राहू शकते.

भारतातील तरुण रुग्णाच्या बाबतीत हा प्रश्न दुहेरी आहे. पाश्चात्त्य ग्रंथांत तरुणाचा विस्फार म्हटला की आनुवंशिक विकार प्रथम आठवतो. आपल्याकडे महारोहिणीदाह व काही वेळा क्षयरोगही त्या यादीत जवळच उभे असतात. निदानाशिवाय निवडलेला स्टेंट या सर्वांवर एकच उत्तर देतो.

डिंगोऱ्याहून पाहताना

आता आरंभी उल्लेखिलेल्या गावाकडे परत येणे आवश्यक आहे. डिंगोऱ्यातील एखादा उंच, सडपातळ, चष्मा लावणारा तरुण पोलीस भरतीसाठी पहाटे महामार्गाच्या कडेने धावतो आहे, अशी कल्पना करू. हे चित्र काल्पनिक असले तरी या परिसरातील अध्यापकांना अपरिचित नाही. मुठीत दुमडलेला अंगठा करंगळीच्या बाजूने बाहेर येतो काय, एका हाताच्या अंगठा व करंगळीने दुसरे मनगट वेढले असता त्यांची नखे एकमेकांवर येतात काय, या दोन खुणा गेंट निकषांतील आहेत. त्यांना कोणतेही यंत्र लागत नाही. लोयस–डीट्झ विकारात डोळ्यांतील अंतर अधिक असणे व पडजीभ दुभंगलेली असणे, एहलर्स–डॅनलॉसच्या रक्तवाहिनी प्रकारात कातडी पातळ असणे व सहज काळेनिळे पडणे, हीही नुसत्या डोळ्यांनी दिसणारी चिन्हे आहेत. एकट्या चिन्हावरून निदान होत नाही. त्याने फक्त इको तपासणीची चिठ्ठी लिहिली जाते, आणि गॉट यांच्या अहवालातील १.५ टक्के व ११.७ टक्के या दोन आकड्यांमधील अंतर बऱ्याच अंशी त्या चिठ्ठीचे असते.

ती चिठ्ठी लिहिली गेली नाही तर काय होते? छातीत वा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ येते. ओतूर, जुन्नर वा नारायणगावपर्यंत रुग्ण पोहोचतो. तेथून पुढे मंचर, राजगुरुनगर, चाकणमार्गे पुणे, किंवा घाट उतरून कल्याण, मुंबई. अशा रात्री ‘अनुभवी केंद्र’ हा शब्द नकाशावरील अंतर होऊन समोर येतो. रुग्णाच्या विकाराचे नाव कोणालाही ठाऊक नसते. मार्गदर्शक सूचना ज्ञात विकारासाठी लिहिलेल्या आहेत. नाव नसलेल्या विकाराला त्या लागू होत नाहीत. तरुण आहे, रोहिणी फाटली आहे, स्टेंट उपलब्ध आहे. निर्णय काय होईल हे सांगावयास नको, आणि त्या घटकेला तो चुकीचा असेलच असेही नाही.

पुढील वर्षांचा हिशेब मात्र कोणी समजावून सांगत नाही. आपल्याकडे कुटुंबनियोजनाच्या काळापासून ‘बिनटाक्याची शस्त्रक्रिया’ हा शब्द रूढ आहे. आतून अस्तर घालण्याच्या उपचारालाही रुग्णाचे नातेवाईक हेच म्हणतात आणि त्यातून ‘काम झाले, सुटलो’ असा अर्थ घेतात. वस्तुतः या उपचारानंतर दरवर्षी स्कॅन करून गळती, टोकाकडील चीर व भिंतीचा व्यास पाहावा लागतो. तिसाव्या वर्षी स्टेंट बसवला तर पुढे तीस–चाळीस वर्षे हे चालू ठेवावयाचे असते. त्यात किरणोत्साराची व रंगद्रव्याची मात्रा साठत जाते. उघड्या शस्त्रक्रियेनंतरही या विकारांत देखरेख आयुष्यभर लागतेच, कारण उरलेली रोहिणी तीच असते. परंतु शिवलेली नळी स्वतः दर वर्षी संशयाचा विषय होत नाही. कांदा–टोमॅटोच्या हंगामावर ज्यांचे घर चालते अशा कुटुंबाने चौथ्या वर्षी, काहीही दुखत नसताना, पुण्याला जाऊन स्कॅन करावा, ही अपेक्षा कितपत वास्तव आहे?

महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना काही जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. विमासंरक्षण पाच लाखांपर्यंत वाढवून ते राज्यातील सर्व कुटुंबांना देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. या योजनेने अनेकांच्या हृदयशस्त्रक्रिया झाल्या, हे निर्विवाद आहे. परंतु तिची रचना मुख्यत्वे ठरावीक उपचारांच्या पॅकेजवर आधारलेली आहे. एका दिवसाची मोठी शस्त्रक्रिया तिला सहज मापता येते, तीस वर्षांची बारीक देखरेख येत नाही. २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, तीही हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांतील लहान स्टेंटांवर. महारोहिणीतील अस्तराचा स्टेंट ही वेगळी, कितीतरी महाग वस्तू आहे; ‘स्टेंट स्वस्त झाले’ या बातमीचा तिच्याशी संबंध नाही. हा गोंधळ सुशिक्षितांतही आढळतो.

शस्त्रक्रियेच्या चर्चेत औषधांची बाजू नेहमी झाकोळते. मार्फान विकारात रक्तदाब व नाडीचा जोर कमी ठेवणारी बीटा–ब्लॉकर गटातील औषधे विस्ताराचा वेग मंदावतात. सहाशेआठ मुले व तरुण यांच्यातील २०१४ च्या चाचणीत एटेनोलॉल आणि लोसार्टन यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही गोळ्या ओतूरच्या औषधाच्या दुकानात मिळतात. एहलर्स–डॅनलॉसच्या रक्तवाहिनी प्रकारात सेलिप्रोलॉल या औषधाने रोहिणी फाटण्याच्या घटना कमी झाल्याचे २०१० मधील युरोपीय अभ्यासात दिसले. तो अभ्यास लहान होता, तरी या विकारात अस्तर–उपचाराला जितका आधार आहे त्यापेक्षा तो निश्चित अधिक आहे. आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिला की विस्फार असलेल्या किंवा मार्फान, एहलर्स–डॅनलॉससारखे विकार असलेल्या रुग्णांना, अन्य पर्याय असताना, फ्लुओरोक्विनोलोन गटातील प्रतिजैविके देऊ नयेत. सिप्रोफ्लॉक्सासिन व लिव्होफ्लॉक्सासिन ही त्यांतील नावे आपल्याकडे ताप, जुलाब, लघवीची जळजळ यांसाठी किती सहजतेने लिहिली जातात, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. लाखो रुपयांचे अस्तर बसवलेल्या रुग्णाला गावाकडे हेच औषध दिले जाणे अशक्य नाही, कारण त्याच्या विकाराचे नाव मोठ्या रुग्णालयाच्या फाइलमध्येच राहिलेले असते.

ती फाइल हा या चर्चेतील उपेक्षित दस्तऐवज आहे. घरी जाताना रुग्णाच्या हाती जो कागद पडतो त्यावर बसवलेल्या साधनाचे नाव व माप, दोन्ही टोके कशावर टेकली आहेत, त्या दिवशीचे व्यास, पुढील स्कॅनचा महिना आणि वर्ज्य औषधे या नोंदी मराठीत असतील तर ओतूरचा डॉक्टर त्या वाचू शकतो आणि रुग्णाची आईही. मार्फान विकारात दोष अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत तो नव्याने उद्भवतो, उरलेल्यांत आई किंवा वडील यांच्याकडून येतो. म्हणजे त्या कागदावर भावंडांच्या व मुलांच्या इको तपासणीसाठीही एक ओळ हवी. रुग्णमालिकांच्या तक्त्यांत गळतीचे प्रकार असतात, टक्केवारी असते. स्टेंट बसवलेल्या रुग्णाच्या धाकट्या बहिणीची तपासणी झाली की नाही, याचा रकाना बहुधा नसतो.